ॲटिकमध्ये किती पिशव्या? : एका एस्टिमेटच्या नोंदी

२१ एप्रिल

नवीन काम आलं. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातलं एकमजली घर. ॲटिकमध्ये जुनं इन्सुलेशन आहे, त्यावर नवीन फुंकून एकूण आर-४९ करायचंय. आपण फक्त क्वांटिटी काढून द्यायची: मालाच्या पिशव्या, बॅफल (छपराखालची हवेची वाट मोकळी ठेवणारे तुकडे), फळ्या आणि सोबत एक पानी टीप. दर आणि मजुरी तिकडचा ठेकेदार बघेल.

ही वही ज्युनिअरसाठी लिहितेय. पोरगा प्लॅन चांगला वाचतो, पण ॲटिक त्यानं कधी पाहिलेलं नाही. मीही नाही, फोटोंत दिसतं तेवढंच. तर थोडक्यात सांगते. तिकडच्या घरांवर लाकडी कैच्यांचं उतरतं छप्पर असतं. कैचीच्या खालच्या दांडीला जिप्सम बोर्ड मारलेला असतो, तेच खोलीचं सिलिंग. छप्पर आणि सिलिंगमध्ये जी तिकोनी पोकळी राहते ते ॲटिक. थंडीत पारा शून्याखाली वीस-पंचवीस जातो, तेव्हा खोलीतली ऊब सिलिंगमधून वर निसटू नये म्हणून सिलिंगच्या पाठीवर इन्सुलेशनचा जाड थर देतात. ब्लोन-इन म्हणजे रोल न अंथरता सुटा माल यंत्रात टाकून होजपाइपानं फुंकायचा. माल मुख्यतः दोन जातीचा. एक सेल्युलोज, म्हणजे रद्दी वर्तमानपत्रांचा भुगा, आगीला दाद देऊ नये म्हणून त्यात बोरेटसारखी द्रव्यं मिसळलेली. दुसरं फायबरग्लास, काचेच्या धाग्यांचे हलके पुंजके.

आर म्हणजे उष्णतेला होणारा अडथळा. आकडा जितका मोठा तितकी उष्णता हळू जाते. थंड पट्ट्यातल्या नवीन घरांना २०२१ च्या तिकडच्या ऊर्जा कोडमध्ये सिलिंगसाठी आर-६० आहे. जुन्या घरात आधीचा तीन-चार इंच थर असेल तर एनर्जी स्टारची, म्हणजे तिकडच्या सरकारी ऊर्जाबचत कार्यक्रमाची, शिफारस आर-४९ ची. हे घर दुसऱ्या प्रकारात बसतं.

निघायच्या आधी मेल टाकला: जुना थर कशाचा, पट्टी लावून काढलेले फोटो, कैच्यांमधलं अंतर, छपराचा उतार, सिलिंगमध्ये बुडवलेले दिवे किती, जिप्सम बोर्डाची जाडी किती. शेवटचा प्रश्न बघून ज्युनिअर म्हणाला, "मॅडम, बोर्ड तर आधीच लागलाय, त्याचं आपल्याला काय?" म्हटलं, उत्तर येऊ दे.

२२ एप्रिल

आज फक्त क्षेत्रफळ. ड्रॉइंगवर छपराखालचा एकूण आकडा १९३६ चौरस फूट छापलाय. तो उचलून पुढं जायचा मोह होतो, पण त्यात २२ बाय २६ चं गॅरेज आहे. गॅरेज तापवत नाहीत, त्याच्या सिलिंगवर माल टाकून उपयोग शून्य. ते ५७२ वजा.

उरलं ते असं: मुख्य भाग ४६ बाय २६, म्हणजे ११९६. मागे निघालेला भाग १४ बाय १२, म्हणजे १६८. एकूण १३६४ चौरस फूट.

ज्युनिअरनं ॲटिकमध्ये चढायच्या झडपेचे आणि चिमणीचे मिळून दहा-अकरा चौरस फूट वजा केले होते. एवढं कापायचं नाही, एक पिशवीही वाचत नाही. मापं बाहेरच्या भिंतीपासून घेतली म्हणून तो अडखळला होता. तीच बरोबर, कारण थर भिंतीच्या माथ्यावरही जायला हवा. थंडी तिथूनच आधी शिरते.

एक गोष्ट मात्र लाल पेनानं: गॅरेज आणि घराचं छप्पर सलग आहे. आत मध्ये पडदी नसेल तर फुंकलेला माल घरंगळत गॅरेजकडे जाणार. तिथं २६ फूट लांबीचा फळ्यांचा बांध लागेल. उंची नंतर.

२३ एप्रिल

रात्रीतून फोटो आले. साडेदहा तासांचा फरक आहे, आपण निजतो तेव्हा तिकडे काम चालू असतं. बोर्डाच्या जाडीचं उत्तर अजून नाही.

फोटो बघताना पहिल्यांदा थराचा रंग आणि दाणा बघायचा. इथं राखाडी, कागदी, वर धूळ. म्हणजे जुनं सेल्युलोज. चकाकणारे खड्यांसारखे दाणे दिसले असते तर फाइल तिथंच थांबली असती. त्याला व्हर्मिक्युलाइट म्हणतात. जुन्या घरांतला बराचसा माल मोंटाना राज्यातल्या लिबी गावच्या खाणीतला, आणि त्यात ॲस्बेस्टॉस मिसळलेलं होतं. खाण १९९० मध्ये बंद झाली, पण माल घरांत तसाच पडून आहे. तसलं काही दिसलं की एस्टिमेट करत बसायचं नाही, "हात लावू नका, आधी तपासून घ्या" एवढंच कळवायचं.

पट्टीचे आकडे तीनपासून पाच इंचांपर्यंत आहेत, सरासरी चार. झडपेजवळ पायाखाली दबलेलं स्पष्ट दिसतंय. सेल्युलोज इंचाला साधारण साडेतीन आर देतं, म्हणजे कागदावर १४ झाले. सरांनी ११ धरायला सांगितले. जुना थर दबलेला आणि मधेमधे उघडा असतो, त्याला पैकीच्या पैकी मार्क द्यायचे नाहीत. ४९ वजा ११, नवीन थर आर-३८ चा.

आता पिशवीवरचा तक्ता. यात आर, थराची किमान जाडी, एका पिशवीत किती क्षेत्र, हजार चौरस फुटाला किती पिशव्या आणि एका चौरस फुटावर किमान किती वजन, हे सगळं छापलेलं असतं. ठेकेदारानं सेल्युलोजचा तक्ता पाठवलाय. २५ पौंडाची पिशवी, आर-३८ ला १९ चौरस फूट, चौरस फुटाला १.३ पौंड. बसल्यावरची जाडी १०.६ इंच, फुंकताना साडेबाराच्या आसपास, कारण सेल्युलोज पुढं बसतं.

१३६४ भागिले १९, म्हणजे ७१.८. बहात्तर पिशव्या. ज्युनिअर खुश, शीट बंद करायला निघाला. बोर्डाचं उत्तर आल्याशिवाय बंद करू नको म्हटलं. दुपारी लाइट गेली ती तासभर. बाहेर सोलापुरात पारा बेचाळीसच्या पुढं, आणि आम्ही मिनेसोटाच्या बर्फाचा हिशेब करतोय. सात रस्त्याहून मठ्ठा मागवला.

२४ एप्रिल

उत्तर आलं. बोर्ड अर्धा इंची, कैच्या २४ इंचांवर.

गणित इथं फिरलं. दोन कैच्यांच्या मध्ये बोर्ड अधांतरी असतो, आणि त्याच्या पाठीवर किती ओझं टाकायचं याला मर्यादा आहे. २४ इंच अंतरावर साधा अर्धा इंची बोर्ड असेल तर इन्सुलेशनचं वजन चौरस फुटाला १.३ पौंडांच्या आत ठेवायचं. अंतर १६ इंच असतं किंवा बोर्ड पाच-अष्टमांश इंची असता तर २.२ पर्यंत चाललं असतं. १.३ पौंड म्हणजे आपल्या मापात साधारण सहाशे ग्रॅम. यापुढं गेलं तर बोर्ड लगेच पडत नाही. हळूहळू पोट सोडतो, सांधे उघडतात, स्क्रूची डोकी दिसायला लागतात.

नवीन सेल्युलोजचेच १.३ होतात. खाली जुना चार इंच थर आहे, त्याची घनता घनफुटाला दीड पौंड धरली तर तो अर्धा पौंड. बेरीज १.८. बसत नाही.

ज्युनिअरचा पहिला उपाय: जुना माल काढून टाकू. निघतो, मोठ्या व्हॅक्युमनं ओढतात, पण खर्च आणि धूळ दोन्ही वाढतात. शिवाय पदरात पडलेला आर-११ जातो आणि त्या बदल्यात नवीन माल आणखी लागतो, म्हणजे वजन पुन्हा मर्यादेपलीकडं. दुसरा उपाय, माल बदलायचा. सरांना फोन केला, ते म्हणाले, "फायबरग्लासचा तक्ता मागव. हलकं वर, जड खाली, काही बिघडत नाही." उलटं असतं तर बिघडलं असतं. जड सेल्युलोजनं खालचं फायबरग्लास चेपलं असतं.

२५ एप्रिल

नवीन तक्ता: ३० पौंडाची पिशवी, आर-३८ ला ५० चौरस फूट, चौरस फुटाला ०.६ पौंड, जाडी साडेचौदा इंच. सेल्युलोजसारखा हा थर पुढं फारसा खाली बसत नाही.

१३६४ भागिले ५०, म्हणजे २७.३. अठ्ठावीस पिशव्या.

वजन ०.६ अधिक ०.५, म्हणजे १.१. जिथं जुना थर पाच इंच आहे तिथं सव्वासहा दशांश धरू, एकूण १.२२५. तिथंही १.३ च्या आत. बसलं.

एकूण माल बघा. सेल्युलोज १८०० पौंड, म्हणजे आठशे किलोच्या वर. फायबरग्लास ८४० पौंड, ३८१ किलो. आर तोच, ओझं निम्म्याहून कमी. जाडी मात्र चार इंच जास्त. जाडीवरून मालाची तुलना करणाऱ्याला फायबरग्लासच भरभक्कम वाटेल.

२७ एप्रिल, रविवार

सुट्टी, पण नोंद करण्यासारखं आहे.

आईच्या गादीचा कापूस पिंजून घ्यायला विजापूर वेशीकडं गेले होते. दुकानात पिंजणीचं यंत्र चालू. एका बाजूनं गठ्ठ्यासारखा घट्ट कापूस आत, दुसऱ्या बाजूनं ढग बाहेर. चाचांच्या भुवयांवर, पापण्यांवर, कानाच्या पाळीवर पांढरी लव बसलेली. एक गिऱ्हाईक शेजारच्या तयार गादीवर हात दाबून दाबून बघत होतं आणि "याच्यापेक्षा जाड पाहिजे" म्हणत होतं. चाचा म्हणाले, "जाडी काय, मी आठ किलोतबी एवढी करून देतो. अजून दोनदा पिंजतो, फुगती. दिवाळीपर्यंत बसती. किलो सांगा ताई, किलो." (मधेच मला ताई म्हणाले, गिऱ्हाईक पुरुष होतं.)

ब्लोन-इनमध्ये नेमकी हीच भानगड आहे. यंत्राची हवा वाढवली की कमी पिशव्यांत थर फुगतो, पट्टी लावली की इंच बरोबर भरतात आणि घरमालक खुश. तिकडे याला फ्लफिंग म्हणतात. थर पुरेसा दाट नसला तर इंच असूनही आर कमी पडतो. म्हणून पिशवीवरचा तक्ता. फेडरल ट्रेड कमिशननं, म्हणजे व्यापारावर लक्ष ठेवणाऱ्या तिकडच्या सरकारी संस्थेनं, १९७९ साली आर-व्हॅल्यूचा नियम काढला, तक्ता छापणं त्याच्यातलंच. जाडी ही किमान अट झाली. पिशव्यांची संख्या ही दुसरी अट, आणि दोन्ही एकदम पाळायच्या.

चाचांकडं शेवटी बारा किलोची गादी ठरली.

२८ एप्रिल

आज वळचण. हा भाग मला सगळ्यात आवडतो, आणि शीटमध्ये बहुतेक जण तो सोडून देतात.

छपराचा उतार ४/१२, म्हणजे बारा इंच आत गेलं की छप्पर चार इंच चढतं. बाहेरच्या भिंतीवर, वळचणीपाशी, सिलिंग आणि छपरामध्ये जागा अवघी चार इंच. तेवढ्यात जुनाच थर आहे. वर छपराच्या फळ्यांखाली इंचभर हवेची वाट मोकळी ठेवायची. वळचणीच्या जाळीतून आलेली हवा तिथून वर चढते, दमट हवा बाहेर जाते, हिवाळ्यात छप्पर थंड राहतं आणि बर्फ वितळून वळचणीला गोठत नाही. ती वाट बुजू नये म्हणून दर दोन कैच्यांमध्ये एक बॅफल ठोकतात, फोमचा किंवा पुठ्ठ्याचा पन्हळीसारखा तुकडा.

म्हणजे नवीन थराला भिंतीपासून एक फूट आत मिळतात तीन इंच. दोन फूट आत सात. पूर्ण साडेचौदा मिळायला जवळजवळ चार फूट आत जावं लागतं. वळचणीच्या कडेनं चार फुटांचा पट्टा पाचरीसारखा पातळ होत जातो. ज्युनिअरला आडवा छेद काढायला लावला. पहिल्यांदा त्यानं चार बाजूंनी पट्टा काढला. या छपराला वळचण दोनच लांब बाजूंना आहे, आखूड बाजू सरळ उभ्या. मागचा भाग धरून वळचणीची लांबी: ४६ दुणे ९२, त्यातून मागचा भाग जोडलाय तिथले १४ वजा, त्या भागाच्या दोन बाजू मिळून २४ अधिक. १०२ फूट. दर दोन फुटाला एक, बॅफल ५१.

छेदात कमी पडणारी जागा साधारण अडीच चौरस फूट, गुणिले १०२, म्हणजे २५४ घनफूट. थराचं कागदावरचं एकूण आकारमान १६४८ घनफूट. पंधरा टक्क्यांच्या जरा वर. चार पिशव्या.

वजा करायच्या का? सरांशी बराच वेळ बोलणं झालं. त्यांचं म्हणणं, ऑर्डरला अठ्ठावीसच ठेव. तिकडच्या इन्स्पेक्टरला तक्ता आणि क्षेत्रफळ जुळलेलं हवं असतं, आणि कामात एखादी पिशवी सांडते-फाटते. माझं म्हणणं, ऑर्डर ठेवा, पण टिपेत हा चार पिशव्यांचा हिशेब छेदासकट टाका, नाहीतर साइटवर वाद होईल. ते मान्य झालं.

बांध: गॅरेजकडचा २६ फूट, जुना-नवा थर मिळून साडेअठरा इंच होतो म्हणून उंची २० इंच. झडपेभोवती आणखी पावणेनऊ फूट. झडपेच्या पाठीवर घट्ट फोमचं झाकण वेगळं.

३० एप्रिल

किरकोळ. बुडवलेले दिवे सहा, लेबलचा फोटो मागवला. इन्सुलेशन अंगाला चालणारे असतील तर झाकायचे, नसतील तर चौफेर तीन इंच सोडायचे. चिमणीभोवती पत्र्याची कॉलर. बाथरूमच्या पंख्याचा पाइप ॲटिकमध्येच उघडा सुटलेला फोटोत दिसतोय, तो आधी छपराबाहेर काढायचा. वायरींच्या नि पाइपांच्या भोकांना माल टाकण्यापूर्वी सीलंट. थरातून हवा वाहायला लागली की आर नुसता कागदावर राहतो. थराची जाडी दाखवणाऱ्या पट्ट्या दर ३०० चौरस फुटाला एक, म्हणजे पाच, आकडे झडपेकडे तोंड करून. संध्याकाळी सगळं पाठवलं.

२ मे

ज्युनिअरनं विचारलं, हे आपल्याकडं का करत नाहीत. तो शेळगीत वरच्या मजल्यावर राहतो, रात्री दोनपर्यंत स्लॅब तापलेला असतो म्हणतो.

आपल्याकडं फुंकायला पोकळीच नाही, हे साधं उत्तर. काँक्रीट इंचाला जेमतेम ०.१ आर देतं, पाच इंची स्लॅब म्हणजे अर्धासुद्धा नाही. वर स्लॅब उष्णता साठवतो आणि आपण झोपायला गेलो की खाली सोडतो. आपल्या इको निवास संहितेत, म्हणजे घरांसाठीच्या ऊर्जा कोडमध्ये, २०१८ च्या, छपरासाठी यू-व्हॅल्यूची कमाल मर्यादा १.२ आहे. यू म्हणजे आरच्या उलट, उष्णता किती सहज जाते त्याचा आकडा. तो उलटवून तिकडच्या मापात बदलला तर आर-४.७. इकडे साडेचारच्या वर, तिकडे ४९. पण त्यांचा फरक घरात आणि बाहेर कडाक्याच्या थंडीत चाळीस-पंचेचाळीस अंशांचा, आणि थंडी महिनोन्‌महिने. आपला दहा-पंधरा अंशांचा आणि दिवसा-रात्रीत पालटणारा. आकडे शेजारी ठेवून लाजायचं कारण नाही, पण आपला आकडा गाठलेले स्लॅब तरी किती आहेत?

जुन्या पेठांतली माळवदाची घरं दुपारी गार लागतात ती इन्सुलेशनमुळं नव्हे, वजनामुळं. फूटभर जाडीच्या मातीचं वजन चौरस फुटाला पंचेचाळीस किलोच्या आसपास होतं. दिवसभराचं ऊन तिला खालपर्यंत पोचवता पोचवता संध्याकाळ होते. आणि आपण तिकडच्या सिलिंगवर सहाशे ग्रॅमसाठी भांडतोय! ज्युनिअरला म्हटलं, गच्चीला पांढरा चुना मार, आधी ऊन परतव. फॉल्स सिलिंग करणार असशील तर त्याच्यावर ग्लासवूलचा रोल टाकता येईल, पण बोर्डाची जाडी आणि चॅनेलचं अंतर बघून. तो हसला.

१३ मे

साइटवरून मेल. चोविसावी पिशवी चालू असतानाच पाचही पट्ट्यांवर थर साडेअठराला लागला, चार पिशव्या न फोडता राहिल्या. घरमालकाला शंका, माल फुगवून मारला की काय. ठेकेदार म्हणतो, उरलेल्या चार मधल्या भागावर मारून टाकतो, विषय संपला.

टीप कामाला आली. वळचणीचे चार वजा केले तर चोवीसच लागायला हव्यात आणि तेवढ्याच लागल्या, म्हणजे घनता तक्त्यातली आहे. विसाव्या पिशवीला पट्टी भरली असती तर मीही शंका घेतली असती.

उरलेल्या चारचं ज्युनिअरनं स्वतःहून वजन काढलं. १२० पौंड, वळचणीचा पट्टा सोडून मधलं क्षेत्र ९५६ चौरस फूट, म्हणजे चौरस फुटाला ०.१२५. जुना थर चार इंच आहे तिथं १.२२५, चालतं. पाच इंच आहे तिथं १.३५. चालत नाही, आणि कुठं चार नि कुठं पाच हे आता साडेचौदा इंचांखाली गाडलं गेलंय.

उत्तर त्यानंच लिहिलं, मी फक्त पौंडांच्या बाजूचे ग्रॅम खोडले. कामाच्या नोंदीच्या कार्डावर चोवीस पिशव्या नि १३६४ चौरस फूट लिहायचं, वळचणीचा छेद जोडायचा, रिकाम्या पिशव्यांचा मोजता येईल असा फोटो घ्यायचा, चार पिशव्या दुकानात परत करायच्या. बिलात त्यांचे पैसे वळते केलेत का, ते उद्या बघायचंय.